वय अठरा पूर्ण, नाव कमी



माझ्या काळजाची एक झडप आकसलेली आहे. हे मी कवितेत म्हणत नाही. तसं कागदावर लिहून दिलंय, सही-शिक्क्यानिशी.

मी आंबेगाव तालुक्यातला. घर गावाबाहेर, बौद्धवाड्यात. तेराव्या वर्षी मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहात होतो. एका खोलीत चौदा पोरं, एकाचा खोकला दुसऱ्याच्या उशाला. घसा धरला, ताप आला, महिन्याभरात गुडघे सुजले. घशातला हा जंतू मोठा हलकट. शरीर त्याच्याशी लढता लढता आपल्याच काळजाच्या झडपांवर हात टाकतं. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटिक हार्ट म्हणतात. बंगल्यातल्या पोराला हा क्वचित होतो. दाटीत झोपणाऱ्याला, वेळेवर औषध न मिळणाऱ्याला होतो. म्हणजे आपल्याला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची गाडी शाळेत आली, डॉक्टरनं छातीला नळी लावली, एकदा ऐकलं, परत ऐकलं. तिथं सापडलो. उपाय साधा. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं एक इंजेक्शन ढुंगणात. दोन दिवस पाय ओढत चालायचं. झडप बिघडली असेल तर निदान दहा वर्षं आणि पंचविशी उलटेपर्यंत, फार बिघडली असेल तर जन्मभर. एवढं केलं की रोग सहसा पुढं सरकत नाही.

आणि एक सिस्टर होती. तिच्या वहीत माझं नाव होतं. एकविसावा दिवस चुकला की बाविसाव्या दिवशी वसतिगृहात निरोप यायचा, "कुठं मेलास रे? चल." तिनं माझी जात विचारली नाही, मी तिची विचारली नाही. पाच वर्षं त्या वहीनं मला जगवलं.

मग मी अठरा वर्षांचा झालो.

अठराव्या वर्षी सरकार मत द्यायचा हक्क देतं आणि वहीतनं नाव कमी करतं. "आता मोठा झालास, मोठ्यांच्यात जा." कुठं जा, कुणाकडे जा, काय सांग, हे कुणी बोललं नाही. मोठ्यांच्या दवाखान्यात गेलो. तो कुठला ते सांगत नाही, कारण तो एकच नाही. दीड तास रांग. "कुणी पाठवलं? जुने कागद कुठायत? आई कुठाय?" काल मी बारका होतो म्हणून आईला विचारत होते. आज मी मोठा झालो तरी आईलाच विचारतात. इंजेक्शन बाहेरनं घे म्हणाले. बाहेरचा डॉक्टर सुईला हात लावीना. "रिअ‍ॅक्शन आली तर कोण निस्तरणार?" चार महिने गेले. पाचव्यात गुडघे परत सुजले, झडप आणखी आकसली.

आता सरकारी हिशेब बघा. कितीतरी सरकारी दवाखान्यांत बालरोगाचा वॉर्ड बारा वर्षांपर्यंत. बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरापर्यंत. आणि मोठ्यांच्या बीपी-शुगरची गावोगाव तपासणी सुरू होते तिशीपासून. म्हणजे अठरा ते तीस माणूस आजारी पडतच नाही! ही बारा वर्षं म्हणजे खड्डा, आणि त्या खड्ड्यात कोण पडतं? ज्याच्या बापाकडे मोटार आहे तो पुण्याला स्पेशालिस्टकडे जातो. पडतो आपण. माझ्यासारखा झडपवाला, रोज इन्सुलिन टोचून घेणारी पोरगी, फिट येणारा पोरगा.

डिंभ्याच्या पाण्यापलीकडची महादेव कोळ्यांची, ठाकरांची पोरं बघा. आश्रमशाळेत आहेत तोवर वर्षाला एकदा तरी तपासणीची गाडी येते. बारावी झाली की घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयाच्या यादीतनं बाहेर. मग नारायणगावला टोमॅटोच्या बाजारात हमाली, नाहीतर चाकणला कंत्राटावर. एकविसाव्या दिवशी इंजेक्शनला गेला की खाडा. खाडा पडला की पगार कट, दोनदा पडला की गेटाबाहेर. आता सांगा, हा पोरगा निष्काळजी आहे का?

पोरीचं तर आणखी वाईट. माझ्या मावशीच्या पोरीला हाच रोग. एकोणिसाव्या वर्षी लग्न करून जुन्नर तालुक्यात दिली. झडपेचे कागद माहेरी पत्र्याच्या पेटीत राहिले. तिचा रोग कुणी तिला तिच्या तोंडावर सांगितलाच नव्हता. आईला सांगितला, आईनं स्थळ मोडेल म्हणून लपवला. सहाव्या महिन्यात दम लागायला लागला. सासू म्हणाली, पोटुशीला लागतोच दम. जिथं दाखवली तिथंही तेच म्हणाले. गरोदरपणात रक्त वाढतं, आकसलेल्या झडपेतनं ते पुढं जात नाही, फुफ्फुसात पाणी भरतं. हे मला आता कळतं. सातव्या महिन्यात ती गेली, पोटातल्यासकट. पेटी अजून मावशीकडे आहे. मावशी ती उघडत नाही.

माळीणवर डोंगर कोसळला, ३० जुलै २०१४ ला. दीडशेवर माणसं गाडली गेली. तेव्हा मंत्री आले, यायलाच पाहिजे होतं. झडप बसते तेव्हा आवाज होत नाही. तिथं कोण येणार?

औषध नाही म्हणाल तर तेही खोटं. आपल्याच जिल्ह्यात, पिंपरीला, १९५४ साली सरकारनं पेनिसिलिनसाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला. गरिबाला स्वस्त औषध मिळावं म्हणून. सत्तर वर्षं उलटली. मंचरचं पोरगं त्याच औषधासाठी दारोदार फिरतं. औषध आणि माणूस यांच्यामधली कडी गायब आहे. ती कडी म्हणजे नर्स.

"आधी डॉक्टर द्या, नर्सचं काय घेऊन बसलात," असं शहाणे म्हणतील. शहाण्यांनो, सावित्रीमाई आठवा. १८९७ च्या प्लेगात दवाखाना यशवंतानं उघडला होता, डॉक्टर तोच होता. पण मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर आपल्या पायांनी दवाखान्यात येत नव्हतं. ते पाठीवर घेऊन माईनं आणलं, आणि त्याच प्लेगनं १० मार्च १८९७ ला ती गेली. झोपडीपासून दवाखान्यापर्यंतचं अंतर माईनं तोडलं. आमचं मागणं तेवढ्याच अंतराचं आहे.

हे स्वप्न नाही. विलायतेत २०१६ साली सरकारी मार्गदर्शक नियम निघाले. पोरगं तेरा-चौदा वर्षांचं झालं की मोठ्यांच्या दवाखान्यात जायची तयारी सुरू करा, आणि त्याच्यासाठी एक ठरलेला माणूस नेमा, नावानिशी. तो साहेबाचा देश श्रीमंत आहे म्हणाल, तर आपल्याच देशाचं घ्या. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू झालं. त्याची तपासणी चाळीस वर्षांपर्यंत आहे. म्हणजे मनात आणलं की सरकारला अठराच्या पुढंही मोजता येतं!

म्हणून मागतो, हात न जोडता :

१. मंचर, घोडेगाव, जुन्नर, नारायणगावच्या सरकारी दवाखान्यांत या कामाची शिकलेली एकेक नर्स नेमा. पक्क्या नोकरीत नेमा. आहे त्या सिस्टरच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर आदळू नका, ती आधीच वाकलीय.

२. चौदाव्या वर्षापासून पोराला, पोरीला स्वतःचा रोग स्वतःच्या भाषेत सांगा. आईला बाहेर बसवून. लग्न, गरोदरपण, रात्रपाळी सगळं बोला.

३. कागद पोराच्या हातात द्या. पोरगी सासरी गेली की तिचं नाव तिथल्या नर्सच्या वहीत गेलं पाहिजे.

४. अठरा पूर्ण झाल्यावर पहिल्या तीन खेपांना नर्स बरोबर जाईल. मोठ्या डॉक्टरपुढं उभं करील, ओळख करून देईल. त्याशिवाय नाव कमी करायचं नाही.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर आपण बसायचं का? ही वही आपणच घालू. बौद्धवाडा, मांगवाडा, ठाकरवाडी, कोळ्यांची वस्ती, घरोघर विचारा : अठरा ते तिशीतलं कोण आहे, लहानपणी कसला रोग सांगितला होता, औषध कधी तुटलं, कागद कुठल्या पेटीत आहेत. पेट्या उघडा. नावं लिहा. ती यादी घेऊन आपण दवाखान्याच्या पायरीवर बसू.

वहीत पहिलं नाव माझं लिहा. माझं पुढचं इंजेक्शन येत्या सोमवारी आहे. कोण येतंय बरोबर?