रुग्ण घटले, परजीवीचे काय?

२००७ मध्ये भारतात काळ्या आजाराचे ४४ हजारांवर रुग्ण नोंदले गेले होते. २०२३ मध्ये ही संख्या हजाराच्याही खाली आली. बिहार-झारखंडमधील आरोग्यसेवकांचे हे यश खरेच मोठे आहे. मात्र गटपातळीवर दर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हा निर्मूलनाचा निकष रुग्णांपुरता आहे. मागे उरलेला परजीवी कोणत्या वंशाचा आहे, हे त्यातून कळत नाही, आणि माझ्या मते पुढचा धोका तिथेच आहे.

२०१६ साली भारत, नेपाळ आणि बांगलादेशातील रुग्णांकडून मिळालेल्या ‘लिश्मानिया डोनोव्हानी’ या काळ्या आजाराच्या परजीवीच्या २०४ नमुन्यांचे जनुकक्रम प्रसिद्ध झाले. मैदानी भागातले नमुने एकमेकांच्या इतके जवळचे निघाले, की १९६०च्या दशकानंतर मोजक्याच पूर्वजांपासून ते फोफावले असावेत, असा निष्कर्ष निघाला. हिवतापासाठी घरोघरी फवारलेल्या डीडीटीने हा परजीवी पसरवणाऱ्या वाळूमाश्याही मेल्या आणि परजीवी जेमतेम तगला. फवारणी थांबल्यावर, सत्तरच्या दशकात, बिहारमध्ये साथ पुन्हा उसळली. म्हणजे रुग्ण जवळजवळ नाहीसे होण्याची वेळ यापूर्वीही येऊन गेली आहे.

औषधांचा दाब या परजीवीवर कसा काम करतो, हेही त्या जनुकक्रमांत दिसते. अँटिमनी हे औषध त्याच्या पेशीत शिरते ते ‘अ‍ॅक्वाग्लिसरोपोरिन’ या प्रथिनाच्या वाटेने. एका गटात या प्रथिनाच्या जनुकात डीएनएची अवघी दोन अक्षरे जादा घुसली, पुढचा सगळा वाचनक्रम सरकला, प्रथिन निकामी झाले आणि औषधाची वाट बंद झाली. शिवाय लिश्मानियाला बहुतेक जनुके एकेकटी चालू-बंद करता येत नाहीत. तो ३६ गुणसूत्रांपैकी काहींच्या प्रती वाढवतो वा घटवतो, आणि नव्या उत्परिवर्तनाची वाट न पाहता परिस्थितीशी जुळवून घेऊ शकतो.

नेपाळच्या डोंगराळ भागात जनुकीयदृष्ट्या बराच दूरचा एक वंश आढळला आहे, आणि पूर्वी या रोगापासून मुक्त समजल्या जाणाऱ्या पहाडी जिल्ह्यांतूनही आता रुग्ण नोंदले जातात. केरळ आणि श्रीलंकेत तर हीच प्रजाती प्रामुख्याने त्वचेचा विकार घडवते, त्यामुळे केवळ प्रजातीच्या नावावरून रोगाचे रूप ठरवता येत नाही. मैदानात यशस्वी ठरलेली उपचारपद्धती दूरच्या वंशावर तितकीच लागू पडेल, हे गृहीत धरण्याजोगे नाही. ते तपासून पाहावे लागेल.

अडचण अशी, की तपासायला परजीवीच हाती लागत नाही. पूर्वी निदानासाठी प्लीहेतून किंवा अस्थिमज्जेतून नमुना घेत आणि परजीवी प्रयोगशाळेत वाढवता येई. आता बोटातल्या थेंबभर रक्तावर ‘आरके-३९’ पट्टी प्रतिपिंडे दाखवते. रुग्णासाठी हे निःसंशय चांगले आहे, पण परजीवीची माहिती गोळा होणे त्यामुळे आपोआप आटले. शिवाय काळ्या आजारातून बरे झाल्यानंतर काहींच्या त्वचेवर चट्टे किंवा गाठी उमटतात. ताप नसतो, त्रास नसतो, म्हणून ते दवाखान्यात जात नाहीत, आणि त्यांना चावणाऱ्या वाळूमाशीला मात्र संसर्ग होऊ शकतो. दोन साथींच्या मधला काळ परजीवी अशा शरीरांत काढू शकतो.

रुग्ण थोडे उरले आहेत, तेव्हा प्रत्येकाच्या नमुन्याचा जनुकक्रम तपासणे आज आवाक्यात आहे. त्वचेवर चट्टे असलेल्यांना घरोघरी शोधणे आणि नेपाळच्या पहाडी जिल्ह्यांतील नमुने भारतातील नमुन्यांशी नियमित ताडून पाहणे, ही दोन कामे निर्मूलन जाहीर होण्याआधी सुरू व्हावीत आणि नंतरही चालू राहावीत.