दुपारचा शो आणि घरचा पिक्चर

‘झिम्मा’ हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो चक्क तीन दिवसांत! दोन-अडीच तासांचा पिक्चर, पण पहिल्या दिवशी कुकरची तिसरी शिट्टी झाली, दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ झाली आणि तिसऱ्या दिवशी लेकाला त्याचा फोन परत हवा होता. शेवटची पंधरा मिनिटं मी ओट्याला टेकून, एका हातात झारा धरून पाहिली.

हेमंत ढोमे यांचा हा सिनेमा १९ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रदर्शित झाला. कोरोनानंतर राज्यातली थिएटरं महिनाभरापूर्वीच, २२ ऑक्टोबरला उघडली होती आणि तीही निम्म्याच खुर्च्यांवर. आमच्या गावातली टॉकीज तर कधीच बंद पडली, तिथे आता मंगल कार्यालय आहे. त्यामुळे हा सिनेमा ओटीटीवर आला तेव्हा वाटलं, चला, आता तिकीट नको, रांग नको, ‘एवढ्या लांब कशाला जायचं’ हे ऐकणं नको. पिक्चरच आपल्या दारी आला!

गोष्ट तशी साधी. वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या घरांतल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या बायका एका टूरबरोबर इंग्लंडला जातात. सुहास जोशी, निर्मिती सावंत, सुचित्रा बांदेकर, क्षिती जोग... एकेक जण बघत राहावी अशी. निर्मिती सावंत यांची निर्मला तर मला आमच्याच गल्लीतली वाटली. भांडतात, रुसतात, मग हळूहळू एकमेकींच्या होतात. एरवी आपल्या सिनेमांत मैत्री म्हटलं की कॉलेजची पोरं. पन्नाशीच्या बाईला सून असते, विहीणबाई असते, मैत्रीण मात्र क्वचितच. म्हणून तो आवडलाच. पण झारा हातात असल्यामुळे असेल, मला दुसरंच काही दिसलं. या बायकांची मैत्री इतक्या लवकर जमली कशी? तर तिथे त्यांच्यापैकी कुणालाच घरचा स्वयंपाक करायचा नव्हता!

याचा उलगडा मला दीड वर्षानं झाला. ३० जून २०२३ ला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला. दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी पुन्हा एकत्र येतात, अशी ती कथा. त्याच वर्षी १७ मार्चपासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं होतं. आमच्या भिशीच्या नऊ जणी सकाळची कामं उरकून अकराच्या गाडीनं जिल्ह्याच्या गावी गेलो. थिएटरात बघतो तर काय, सगळ्या बायकाच! कुणी नऊवारीत, कुणी काळे गॉगल लावून. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांची जुंपली की आख्खं थिएटर हसत होतं, आणि हुंदकेही ऐकू येत होते. या सिनेमानं ७० कोटींच्या पुढे धंदा केला तेव्हा चित्रपटवाल्यांना म्हणे आश्चर्य वाटलं. ‘माहेरची साडी’ला १९९१ मध्ये कोण गर्दी करत होतं, हे विसरले असावेत!

या धंद्यात प्राइम टाइम म्हणजे संध्याकाळ. बाईचा प्राइम टाइम मात्र दुपारी बारा ते तीन. जेवणं झालेली, मुलं शाळेत, चारच्या चहाला अजून अवकाश. त्या वेळेचा शो लागला तर ती येते, रात्री नऊचा लागला तर येत नाही. मग ‘बायका थिएटरात येत नाहीत, त्यांच्यासाठी ओटीटी बरं’ असा निष्कर्ष निघतो. हा हिशेबच मला पटत नाही. कारण घर ही बाईची विश्रांतीची जागा नाही, कामाची जागा आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. कारखान्यातल्या माणसाला मशीनपाशीच पडदा लावून दिला आणि ‘बघ आता निवांत’ म्हटलं, तर कसं व्हायचं?

बरं, पडदा तरी तिचा असावा ना. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका निम्म्याहून थोड्याच जास्त, ५४ टक्के. आणि बाजार, दवाखाना, गावाबाहेर या तिन्ही ठिकाणी एकटीनं जायची मुभा असलेल्या ४२ टक्के. म्हणजे निम्म्याअधिक जणींना कुठे ना कुठे जायला सोबत लागते किंवा परवानगी. पिक्चर घरी आला की बाहेर पडायचं तेवढंही निमित्त जातं. ‘मोबाइलवर येईलच की महिन्याभरात’ हे वाक्य आता आमच्याकडे परवानगी नाकारायला वापरतात, आणि त्याला उत्तर देता येत नाही.

पण एवढं बोलून मी थांबले तर आमच्या शेजारच्या वहिनींवर अन्याय होईल. त्यांच्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळल्यात. भिशीच्या सहलीला त्या नव्हत्या. ‘बाईपण’ ओटीटीवर आला तेव्हा त्यांनी रात्री अकराला, सगळे झोपल्यावर, कानात इअरफोन घालून तो पाहिला. हसू आलं की पदर तोंडावर. सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा दारातच मला म्हणाल्या, ‘‘अहो, त्या सुकन्याताईंचं काम किती छान झालंय नाही?’’ आम्ही दोघी बादल्या हातात घेऊन वीस मिनिटं बोलत उभ्या. गाडी पुढे निघून गेली. त्यांच्यासाठी तो फोन हीच टॉकीज. घरी सिनेमा येऊच नये, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

मग आम्ही एक करून पाहिलं. ‘झिम्मा २’ (तो २४ नोव्हेंबर २०२३ ला आला होता) ओटीटीवर आल्यावर एकीच्या घरी टीव्हीवर लावला. फसलं! ती बिचारी सारखी उठत होती. चहा, मग पोहे, मग दारात कुरिअरवाला. तिनं पिक्चर पाहिलाच नाही, आम्हाला नुसतं वाढलं. पुढच्या वेळी आम्ही एकट्या राहणाऱ्या निवृत्त शाळाबाईंकडे जमलो. चहा थर्मासमधून ज्याची त्यानं आणायचा, आणि घरमालकिणीनं उठायचं नाही. बेल वाजली तर दारापाशी बसलेली उघडेल. शेजारच्या वहिनींसाठी ते तीन तास सासूबाईंजवळ कुणी बसायचं, याची पाळी लावलीय. पहिली पाळी त्यांच्या यजमानांची. ते हो म्हणालेत. ‘आईची औषधं कुठे असतात?’ असं त्यांनी विचारलं म्हणे. सहा वर्षांत पहिल्यांदाच.