भंगारात निघालेला सीपीयू बैठकीत आणा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि अंबाजोगाईतल्या माझ्या संगणक वर्गासमोर भंगारवाल्याची हातगाडी जरा जास्तच वेळ रेंगाळू लागली. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरवर चालते. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट सीपीयू ऑफिसांतून निघणार आणि किलोवर विकले जाणार. माझं म्हणणं साधं आहे : त्यातला एक तुमच्या टीव्हीमागे बसवा.

“वहिनी, टीव्ही स्मार्टच आहे की, वर हे लोढणं कशाला?” असं भाऊजींनी विचारलंच. टीव्हीचा पडदा चांगला वर्षानुवर्षं चालतो. म्हातारं होतं ते त्याच्या आतलं डोकं. कंपनी अपडेट बंद करते, ॲप अडकायला लागतं आणि माणूस ठणठणीत पडद्याचा टीव्ही एक्स्चेंजला नेऊन देतो. डोकं बाहेर ठेवलं तर डोकंच बदलायचं, पडदा तोच.

आमच्याकडे अडॅप्टरवर चालणारा मिनी पीसी आहे. आतली जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, लिनक्स मिंट फुकट उतरवून घेतलं आणि त्यावर कोडी. हा कोडी मुळात मायक्रोसॉफ्टच्याच एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी हौशी लोकांनी लिहिलेला. २०१४ साली त्याचं नाव कोडी झालं. तो मोकळाच येतो. फोटो, गाणी, चित्रफिती आपण भरायच्या, तो त्या पडद्यावर नीट मांडतो. घेताना प्रोसेसरची पिढी मात्र विचाराच. हल्ली मोबाइलवरचं चित्रीकरणसुद्धा बऱ्याचदा एचईव्हीसी प्रकारात असतं. सातव्या पिढीच्या चिपमध्ये ते उलगडण्याची सोय आतच आहे. चौथ्या पिढीत ती नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा घोंघावत राहतो. दुकानदार “आयफाइव्ह आहे, मॅडम” एवढंच सांगतो. आयफाइव्ह चौथ्या पिढीतही होता.

आता लाइटचं. परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात, तरी लाइट जाते ती जातेच. त्यावर लिहायला हा रकाना पुरणार नाही. टीव्ही आणि हा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घेतलेत. इंटरनेट गेलं तरी काही अडत नाही, कारण माल घरातल्याच डिस्कवर आहे. पण इन्व्हर्टरही उतरला तर डबा बंद पडतोच. त्यासाठी बायोसमध्ये एक सेटिंग असतं, वीज परत आली की यंत्र आपोआप सुरू होण्याचं. ते आधी करून घ्या, नाहीतर दर वेळी टीव्हीमागे हात घालून बटण चाचपावं लागेल. आणि डबा शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका. इथला मे महिना माणसाला सोसत नाही, तिथं त्याचं काय!

पण डबा घरात आला तो कॅसेटींसाठी. आमचे मामा, म्हणजे सासरे, गावच्या सप्ताहात टेपरेकॉर्डर घेऊन पहिल्या रांगेत बसायचे. त्या कॅसेटी पत्र्याच्या पेटीत पडून होत्या. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर घ्यायची, ती सीपीयूच्या मागच्या निळ्या भोकात घालायची (ते नसलं तर यूएसबीचं साउंड कार्ड मिळतं), आणि ऑडॅसिटी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये भरून घ्यायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. एका कॅसेटीत कीर्तन संपल्यावरही टेप चालूच राहिलाय. माइकवरून उद्याची पंगत कुणाची ते सांगतात, कुणी किती वर्गणी दिली ते वाचतात, आणि मध्येच मामा खोकतात. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, कीर्तनापेक्षा तेच ऐकायचं असतं. “तो पंगतीचा लाव गं,” म्हणतात. रिमोटसारख्या एअर माउसवरची चार बटणं त्यांना पाठ झाली आहेत. आमच्या गावची पंगत कोणत्या ओटीटीवर येणार आहे? आणि ओटीटीवर आज असलेला सिनेमा, करार संपला की, उद्या तिथं नसतो.

उणं नाही असं नाही. पैसे भरून घेतलेली ॲप्स संगणकाच्या ब्राउझरवर बऱ्याचदा टीव्हीइतकं स्वच्छ चित्र देत नाहीत. त्यांच्या कुलपांची ती भानगड आहे. ज्यांना रोज फक्त तेवढंच पाहायचंय त्यांनी सरळ टीव्हीला लावायची एक स्टिक घ्यावी, या फंदात पडू नये. चोरीचे सिनेमे भरायला हा डबा करायचा असेल तर माझ्याकडे विचारायला येऊ नका.

बाकीच्यांनी पुढच्या वेळी पतसंस्थेचं किंवा एखाद्या ऑफिसचं जुनं सामान निघेल तेव्हा भंगारवाल्याच्या आधी तिथं पोचावं आणि पिढी विचारून एक सीपीयू उचलावा. तोवर पेटीतल्या कॅसेटी काढून ठेवा. सीपीयू काय, वर्षभर मिळत राहतील. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा माणूस मात्र आताच शोधावा लागतो.