मुक्त कोण करते?

'महानगर स्त्रीला मुक्त करते' हे समीक्षेतले लाडके विधान आम्हांला मान्य नाही. महेश भट्ट यांच्या 'अर्थ' (१९८२) या हिंदी चित्रपटाविषयी बोलताना दाखला दिला जातो तो पूजाच्या अखेरच्या नकाराचा. दुसऱ्या स्त्रीसाठी सोडून गेलेला नवरा परत येतो. ती त्याला स्वीकारत नाही. समीक्षक 'अस्मिता' हा शब्द उच्चारून मोकळे होतात. पण त्या नकाराआधी मुंबईतल्या नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहात तिला जागा मिळालेली असते, हे कोण सांगतो?

त्याच शहरात तिच्या मोलकरणीलाही नवरा फसवतो. मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे तो लुबाडतो. तिच्यापुढे ना वसतिगृह, ना दुसरी वाट. ती त्याचा खून करते आणि तुरुंगात जाते. शहर एकच, विश्वासघातही दोघींचा; नवा आरंभ मात्र एकीच्याच वाट्याला. तेव्हा मुक्त करते ते महानगर नव्हे. शिक्षण, वर्ग आणि रात्री पाठ टेकायला हक्काची खाट. पूजा त्या मुलीला आपली मानते, तिथे चित्रपटाने हा हिशेब ओळखलेला दिसतो. समीक्षेने मात्र तो अजून मांडलेला नाही. 'आत्मशोध' हा शब्द लिहिण्यापूर्वी खोलीचे भाडे कोठून आले, एवढे तरी विचारावे.