कटसीन किती, खेळ किती? : एका चुकीच्या प्रश्नाविषयी

जपानी रोल-प्लेइंग गेमविषयी बोलणे निघाले की एक तक्रार हमखास ऐकू येते : ह्यात कटसीन फार आणि खेळ कमी. तिच्या पाठोपाठ समंजसपणाचा आव आणणारे उत्तरही येते : दोहोंत समतोल हवा. ह्या उत्तरावर सहसा सर्वांचेच एकमत होते आणि चर्चा तेथेच संपते. आम्हांला हे एकमत संशयास्पद वाटते. समतोल हा शब्द वाणसामानाच्या तराजूतला आहे. एका पारड्यात पाहण्याची मिनिटे आणि दुसऱ्या पारड्यात खेळण्याची मिनिटे टाकून एखाद्या कलाकृतीचा निवाडा करता येतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात आम्ही हे गृहीतकच नाकारणार आहोत.

ज्यांनी हे खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. कटसीन म्हणजे खेळाडूच्या हातातील नियंत्रण तात्पुरते काढून घेऊन दाखवलेला प्रसंग. पात्रे बोलतात, भांडतात, मरतात. खेळाडू पाहत राहतो. उरलेला वेळ खेळाडूचा असतो : गावोगाव हिंडणे, लोकांशी बोलणे, आळीपाळीने वार करण्याच्या लढाया लढणे, सोबत्यांना हत्यारे घेऊन देणे, अनुभवाचे गुण साठवून त्यांना बळकट करणे. असा खेळ पुरा व्हायला वीस ते साठ तास सहज लागतात.

कटसीन लांबत गेले त्याला कारणेही आहेत, आणि ती केवळ दिग्दर्शकांच्या हौसेत शोधून चालणार नाही. १९८६ साली युजी होरी ह्यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी आला तेव्हा तो सबंध खेळ ६४ किलोबाइटांच्या कार्ट्रिजमध्ये मावला होता. त्यात चित्रफितीचा प्रश्नच नव्हता. नायकही जवळपास मुकाच होता. १९९७ साली ‘फायनल फँटसी ७’ सोनीच्या प्लेस्टेशनवर आला तो तीन सीड्या घेऊन, आणि एकेका सीडीची क्षमता साडेसहाशे मेगाबाइटांच्या आसपास होती. अकरा वर्षांत जागा हजारो पटींनी वाढली आणि ती चित्रफितींनी व्यापली. पुढे २००१ साली ‘फायनल फँटसी १०’ मध्ये ह्या मालिकेतील पात्रांना प्रथमच नटांचे आवाज मिळाले. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. पडद्यावरच्या चौकटीतील संवाद खेळाडू आपल्या गतीने वाचतो, बटण दाबून पुढे जातो. ध्वनिमुद्रित संवादाची गती नटाच्या हाती असते. म्हणजे वाचकाचा प्रेक्षक झाला तो ह्या टप्प्यावर.

आता वादाकडे येऊ. ह्या वादात दोन पक्ष आहेत आणि दोहोंशी आमचे भांडण आहे.

पहिला पक्ष म्हणतो की खेळ म्हणजे खेळणे. गोष्टच हवी असेल तर सिनेमा पाहावा. ह्या पक्षाची एक तक्रार आम्ही पूर्णपणे मान्य करतो. ‘फायनल फँटसी १०’ च्या मूळ आवृत्तीत गागाझेत पर्वतावर सीमोर ह्या खलपात्राशी अवघड सामना आहे. सामन्याआधी एक लांब कटसीन आहे आणि तो टाळण्याची सोय नाही. खेळाडू हरला की तोच प्रसंग, तीच वाक्ये, पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या वेळी त्या संवादांतील धमकी विनोदी वाटू लागते. पण येथे दोष लांबीचा आहे काय? पहिल्या वेळी तोच प्रसंग पुरेसा परिणामकारक असतो. पुढे त्याची शिक्षा होते, कारण खेळाडू हरून परत आला आहे ह्याची त्या प्रसंगाला गंधवार्ता नसते.

ह्याच पक्षाचा आवडता दुसरा दाखला म्हणजे १९९८ च्या ‘झेनोगिअर्स’ची दुसरी सीडी. पहिल्या सीडीत मुक्तपणे हिंडलेली पात्रे तेथे खुर्चीत बसून घडलेल्या घटना सांगू लागतात. अधूनमधून एखादी लढाई येते आणि पुन्हा खुर्ची. कथेच्या अतिरेकाने खेळ गिळला, असा निष्कर्ष ह्यावरून सर्रास काढला जातो. प्रत्यक्षात दिग्दर्शक तेत्सुया ताकाहाशी ह्यांनी पुढे एका मुलाखतीत दिलेले कारण अगदी साधे होते : चमू तरुण, वेळ अपुरा, पहिल्या सीडीवरच कथा तोडावी की असे करून ती पुरी करावी, एवढाच प्रश्न उरला होता. म्हणजे जे अतिरेकाचे उदाहरण म्हणून मिरवले जाते ते टंचाईचे उदाहरण आहे. तराजू घेऊन बसणाऱ्याला हा फरक दिसत नाही. त्याला फक्त पारडे झुकलेले दिसते.

आणि तराजूच वापरायचा तर २००९ च्या ‘फायनल फँटसी १३’ चे काय करायचे? त्यात लढायांची वाण नाही. हात सतत चालू असतात. तरीही खेळायला काही नव्हते, अशी तक्रार जगभर झाली. तेरा अध्यायांपैकी पहिले दहा अध्याय खेळाडू जवळजवळ सरळ रेषेत पुढे जातो. मोकळे मैदान लागते ते अकराव्या अध्यायात. मिनिटांच्या हिशेबात ह्या खेळाला नापास करता येत नाही, आणि तरी खेळाडूची तक्रार खरी आहे. तेव्हा हिशेबाचे मापच बदलले पाहिजे.

आमच्या मते विचारण्याजोगा प्रश्न एकच : हाताने जे केले त्याची जबाबदारी प्रसंग घेतो काय? खेळाडूने केलेली, सोसलेली, टाळलेली गोष्ट कथेला आठवते काय? आठवत असेल तर तासाभराचा कटसीनही खेळाचाच भाग होतो. आठवत नसेल तर अर्ध्या मिनिटाचा कटसीनही उपरा असतो.

उदाहरणार्थ, १९९५ चा ‘क्रोनो ट्रिगर’. सुरुवातीला एक जत्रा आहे. खेळाडू तेथे मजेत भटकतो : कोणाचा तरी ठेवलेला डबा खातो, हरवलेले मांजर एका मुलीला आणून देतो किंवा देत नाही, धडक होऊन पडलेल्या मुलीला आधी सावरतो किंवा आधी तिचे लॉकेट उचलतो. पुढे नायकावर खटला भरला जातो आणि न्यायालयात ह्याच बारीकसारीक गोष्टी साक्षी-पुराव्याला येतात. खटला हे म्हटले तर एक लांबलचक संभाषण आहे. खेळाडूला तेथे विशेष काही करायचे नसते. पण तो खुर्चीत सरसावून बसतो, कारण आरोपी तो स्वतः आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : निकाल दोषी लागो वा निर्दोष, नायकाला तुरुंगात जावेच लागते. कथेचा रस्ता बदलत नाही. म्हणजे फाटे फुटणारी कथाच तेवढी चांगली, असे आमचे म्हणणे नाही. मार्ग एकच असला तरी तो कोण चालले ह्याची नोंद हवी.

१९९१ च्या ‘फायनल फँटसी ४’ मध्ये सेसिल हा काळा योद्धा आपल्या पापांचे परिमार्जन करायला डोंगरावर जातो. तेथे त्याच्यासमोर त्याचेच काळे रूप उभे राहते. तोवर शेकडो लढायांत खेळाडूच्या हाताला एकच सवय लागलेली असते, वार करण्याची. येथे तलवार म्यान करून वार सोसत थांबणे हाच मार्ग आहे. पश्चात्तापावरचे लांब स्वगत सेसिलच्या तोंडी घालता आले असते. त्याऐवजी ती गोष्ट खेळाडूच्या आवरून धरलेल्या अंगठ्यातून सांगितली आहे.

१९९४ च्या ‘फायनल फँटसी ६’ मध्ये जग उद्ध्वस्त झाल्यावर सेलेस एका निर्जन बेटावर जागी होते. सिड हा तिला वडिलांसारखा असलेला म्हातारा आजारी आहे. खेळाडूने किनाऱ्यावर मासे पकडून त्याला खाऊ घालायचे. चपळ मासे चांगले, मंद मासे अपायकारक. खेळ हे फारसे समजावून सांगत नाही. मासे चुकले तर सिड मरतो आणि सेलेस कड्यावरून उडी घेते. ती वाचते, कथा पुढे सरकते. कड्यावरचा तो प्रसंग निव्वळ कटसीन आहे. परंतु तो पाहणाऱ्याच्या मनात आपण कोणता मासा नेला होता हा प्रश्न असतो, आणि कोणताही सिनेमा हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात निर्माण करू शकत नाही.

आता दुसरा पक्ष. हा पक्ष आपलाच आहे, म्हणून त्याच्याविषयी अधिक कठोरपणे लिहिणे भाग आहे. व्हिडिओ गेम हा साहित्याच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे आता तत्त्वतः मान्य झाले आहे. एस्पेन आर्सेथ ह्यांचे ‘सायबरटेक्स्ट’ १९९७ साली प्रसिद्ध झाले, त्यालाही बराच काळ लोटला. पण आमच्या वाचनात आलेल्या बऱ्याच निबंधांत खेळ हा शब्द असतो, खेळणे नसते. यूट्यूबवर कटसीन सलग जोडून केलेले, खेळण्याचा भाग गाळलेले तासन्‌तासांचे व्हिडिओ मिळतात. ते पाहायचे, संवादांतून आशयसूत्रे काढायची, त्यांवर मिथक, आघात, अस्मिता ह्यांची लेबले लावायची आणि शेवटी कथा काहीशी भडक व भाबडी असल्याचा निर्वाळा द्यायचा. नाटकातील केवळ रंगसूचना वाचून नाटकावर अभिप्राय देण्याजोगाच हा प्रकार झाला.

‘फायनल फँटसी ७’ मधील एअरिथचा मृत्यू घ्या. तो प्रसंग सुटा पाहिला तर दोन-तीन मिनिटांचा आहे : प्रार्थना करणारी मुलगी, वरून झेपावणारा सेफिरोथ, तलवार. सुटा पाहणाऱ्याला तो भाबडा वाटला तर त्याचा दोष नाही. पण खेळाडूने तोवर कित्येक तास तिला सोबत नेलेले असते. तिच्यासाठी दंड विकत घेतलेले असतात, आणि ते दुसऱ्या कोणाला वापरता येत नाहीत. ती गेल्यावर लगेच लढाई सुरू होते आणि त्या लढाईत नेहमीचे युद्धसंगीत वाजत नाही, तिचीच धून चालू राहते. पुढे खेळाडू केव्हातरी सामानाची यादी उघडतो तेव्हा त्यात तिचे जुने दंड पडलेले सापडतात. घरातले माणूस गेल्यावर त्याचा चष्मा सापडावा, तसे. हा शोकाचा भाग कोणत्याही कटसीनमध्ये नाही. तो यादीत आहे. व्हिडिओ पाहून निबंध लिहिणाऱ्याला ती यादी कधीच दिसणार नाही.

ह्याच खेळाविषयी एक विनोद प्रचलित आहे : लढाईत पडलेल्याला उठवणारे ‘फीनिक्स डाउन’ नावाचे औषध खिशात पडून असताना ते एअरिथला का दिले नाही? आम्हांला हा विनोद ह्या वादातील सर्वांत गंभीर टीका वाटते. खेळाने दोन कायदे केले आहेत : लढाईत मरण परत फिरते, कथेत फिरत नाही. त्याचप्रमाणे आकाशात उल्का लटकत असताना खेळाडू निवांतपणे चोकोबो पक्ष्यांच्या शर्यती लावू शकतो. सामना जिंकावा आणि लगेचच्या प्रसंगात आपलीच माणसे गुडघे टेकून धापा टाकताना दिसावीत, हा तर ह्या खेळांचा जुनाच रोग. २००७ साली क्लिंट हॉकिंग ह्यांनी ‘बायोशॉक’ ह्या अमेरिकन खेळासंबंधी लिहिताना कृती आणि कथा ह्यांतील अशा विसंगतीला नाव दिले. आमच्या वादाचे खरे ठिकाण ही विसंगती आहे, लांबी नव्हे. एअरिथच्या बाबतीत खेळ निदान आपल्या नुकसानीचा हिशेब शेवटपर्यंत वागवतो. धापा टाकणाऱ्या विजेत्यांच्या बाबतीत तो सरळ खोटे बोलतो.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की खेळाडूच्या कृतीला एवढे महत्त्व दिले तर निव्वळ वाचण्याच्या भागाला जागाच उरणार नाही. तसे नाही. २००७ च्या ‘लॉस्ट ओडिसी’ मध्ये नाओकी पुरस्कारप्राप्त कादंबरीकार कियोशी शिगेमात्सू ह्यांच्या लघुकथा आहेत. हजार वर्षे जगलेल्या आणि स्मृती हरवलेल्या काइमला हिंडताना एखादे दृश्य दिसते, एक जुनी आठवण जागी होते आणि पडद्यावर केवळ मजकूर उमटू लागतो. त्यात लढाई नाही, चित्रपटही नाही. पण त्या आठवणी खेळाडूच्या भटकंतीतून मिळतात आणि पान उलटणारा हात त्याचाच असतो. तराजूवर हे सारे कटसीनच्या पारड्यात जाईल. अनुभवात ते जात नाही.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे : शिक्षकाने साठ-साठ तास खेळायचे कधी? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण आठशे पानांची कादंबरी वाचायला वेळ नाही म्हणून तिच्यावरचा चित्रपट पाहून कोणी शोधनिबंध लिहीत नाही. निदान लिहिल्याचे उघड सांगत नाही. मोठा खेळ झेपत नसेल तर छोटा घ्यावा. ‘क्रोनो ट्रिगर’ सुमारे वीस तासांत पुरा होतो. वर्गात एकाने खेळावे, इतरांनी काय करावे ह्यावर वाद घालावा, आणि खटल्याच्या वेळी सर्वांनी मिळून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे. विद्यार्थ्याने प्रत्येक कटसीनविषयी लिहिताना त्याआधी आपण काय करत होतो आणि त्यानंतर काय करता येईनासे झाले, एवढी दोन वाक्ये लिहिली तरी निबंधाचा पोत बदलेल.

शेवटी एक उदाहरण, ज्यापुढे समतोलाचा हिशेब चालतच नाही. २०१० च्या ‘नीअर’ मध्ये, योको तारो ह्यांच्या खेळात, अखेरच्या शेवटापाशी खेळाडूला विचारले जाते : सोबतिणीला वाचवण्यासाठी तू आपले अस्तित्व देशील काय? होकार दिला तर खेळ त्याने जतन केलेली सर्व प्रगती त्याच्या डोळ्यांदेखत पुसून टाकतो. पुढे नवा खेळ सुरू करताना तेच नावही पुन्हा घेता येत नाही. हे पाहणे आहे की खेळणे? पडद्यावर याद्या रिकाम्या होताना खेळाडू नुसता पाहत असतो, आणि इतके दिवस खेळून मिळवलेले सारे तो त्याच क्षणी देत असतो. ज्याने तो शेवट केवळ व्हिडिओत पाहिला त्याचे काहीच पुसले गेलेले नसते. त्याने खुशाल त्यावर लिहावे. मात्र आपण काय गमावले नाही, हेही लिहावे.