उसनी अक्षरं

मध्यंतरी धामापूरला जाणं झालं. मालवण तालुक्यातलं हे गाव ओळखलं जातं ते त्याच्या तलावासाठी. तलाव १५३० सालचा, काठावर भगवतीचं देऊळ. त्या तलावाकडे जाताना वाटेत एक पाटी दिसली आणि मी गाडी थांबवायला लावली.

पाटी जेवणाची होती, वडे-सागोती वगैरे. पण अक्षरं! जाड पोटाची, लाल, खाली पिवळी सावली दिलेली. लहानपणी बंदरातल्या होड्यांवर, सायकलच्या दुकानावर, शाळेच्या भिंतीवर अशीच अक्षरं असायची. फार बरं वाटलं. जवळ गेलो तर फ्लेक्स. उडालेल्या रंगाचे पोपडेसुद्धा छापलेले! आणि 'भाकऱ्या मिळतील'च्या जागी लिहिलेलं होतं, 'भाकर्या मिळतील'.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय.

जुन्या वळणाची अक्षरं परत येणं यात नवीन काही नाही. १९६६-६७ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत वेस विल्सनने संगीताच्या कार्यक्रमांची पोस्टर्स केली. त्यातली वितळल्यासारखी अक्षरं त्याने व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरकडून, म्हणजे साठेक वर्षांपूर्वीच्या कामातून उचलली होती. 'कूपर ब्लॅक' हा गुबगुबीत टाईप १९२२ चा. साठ-सत्तरच्या दशकात तो पुन्हा सगळीकडे दिसला आणि अलीकडे परत दिसू लागलाय. एक पिढी कंटाळून जे टाकून देते, ते नातवंडं माळ्यावरून खाली काढतात. कपड्यांचं तेच, गाण्यांचं तेच.

आपल्याकडेही हे आजचं नाही. जावजी दादाजी चौधरींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथले देवनागरी खिळे नावाजले गेले, इतर छापखानेही ते वापरत. पण त्या शिशाच्या खिळ्यांचं वळण आलं कुठून? बोरूने लिहिलेल्या पोथ्यांवरून. म्हणजे आपला छापील टाईपच मुळात जुन्या हाताची नक्कल. मग डीटीपी आलं आणि जुळारी गेले. फ्लेक्स आला आणि पेंटर गेले. बरीच वर्षं सगळ्या पाट्या, पत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर त्याच चार-सहा फॉन्टांत दिसत राहिले. त्याचा कंटाळा येणारच होता.

आणि तो आला. गेल्या दहा-बारा वर्षांत देवनागरीत खरोखर सुंदर कामं झाली. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून 'यात्रा वन' आला. 'एक टाईप'च्या मंडळींनी गुबगुबीत 'मोदक' केला आणि १५०३ सालच्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितावरून 'जैनी' केला. यातले बरेच फॉन्ट फुकट मिळतात. त्यामुळे परत आलेल्या अक्षरांवर माझा राग नाही. उलट आनंदच आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण जुन्या अक्षराचा अंगरखा परत आणतो, पण त्या अक्षराला जे कळत होतं ते मागेच सोडतो.

'भाकर्या' हे त्याचं उदाहरण. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. रफार वेगळा आणि हा आडवा अर्धा र वेगळा. हिंदीला त्याची गरज नाही, आपल्याला पदोपदी आहे. संगणकावर नुसता र, हलन्त आणि य टाईप केला की रफारच येतो. आडव्या रसाठी वेगळी कळ दाबावी लागते, आणि फॉन्ट करणाऱ्याने ते रूप काढलेलं असावं लागतं. तीच गोष्ट ल आणि श यांची. पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठी वळण. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात ते वापरायला सांगितलं. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं ठेवलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की आपलं वळण येतं. पण ती नोंद करतं कोण? आत्ता तुमच्या पडद्यावर कुठला ल दिसतोय तेच बघा.

ज्या पेंटरच्या अक्षरांची ही नक्कल, त्याच्या हातून 'भाकर्या' गेलं नसतं. खडूत बुडवलेला दोरा ताणून तो फटकन रेघ उमटवायचा, शब्द मोजायचा, मग ब्रश उचलायचा. शब्द त्याला वाचता येत होता, नुसता काढता येत नव्हता. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षकं आठवा. नाटक काय जातीचं आहे ते अक्षरावरून कळायचं, कारण आधी नाटक समजून घेतलेलं असायचं. ते २०२० मध्ये गेले. नाव राहिलं, हे निदान बरं. गावोगावच्या पेंटरांचं तेवढंही राहिलेलं नाही.

मालवणात अशाच एका जुन्या पेंटरना मी म्हटलं, "काका, तुमची अक्षरं परत आली हो." ते हसले. म्हणाले, "अक्षरा खंय जाऊक नाय. गेला ता आमचा काम."

धामापूरच्या तलावाची एक गोष्ट सांगतात. लग्नकार्याला दागिने नसले की गरिबाने फुलांची परडी काठावर ठेवायची. तलाव दागिने द्यायचा, कार्य झालं की ते परत करायचे. एकदा कुणीतरी परत केले नाहीत, तेव्हापासून देणं बंद झालं.

जुनी अक्षरं वापरणं हे असंच उसनं घेणं आहे असं मला वाटतं. परतफेड फार मोठी नाही. शब्द नीट लिहावा, फॉन्ट करणाऱ्याचं नाव माहीत करून घ्यावं, आणि हाताने रंगवणारा माणूस गावात अजून असेल तर एखादी पाटी त्याच्याकडून रंगवून घ्यावी.

पाटीच्या मालकांशी बोललो. माणूस सज्जन. चूक लगेच मान्य केली. म्हणाले, पावसाने फ्लेक्स फाटतोच, पुढचा करताना बघू. मी त्या काकांचा नंबर देऊन आलोय. बघूया.