वळं त्यांनी सांधलं, फास कुणी आवळला?

औषध महाग का, असं विचारलं की पांढरपेशे विद्वान घसा खाकरून सांगतात : अक्कल महाग असते बाबा. ठीक. मग अक्कलच मोजू. येऊ द्या हिशेब उजेडात.

हिपॅटायटिस सी. यकृत पोखरणारा विषाणू. रक्तातून जातो, सुईतून जातो. १९८९ साली सापडला. त्याआधी इजिप्तमध्ये १९५० ते १९८० च्या दशकांत सरकारनं बिल्हार्झिया हटवायला शेतकऱ्यांना इंजेक्शनं दिली. त्याच त्या सुया, दंडामागून दंड. एक रोग हटवताना दुसरा घरोघर वाटला. टोचून घेणारे कोण? चिखलात पाय असलेले. मरणाला गरिबाचा पत्ता बरोबर सापडतो.

या विषाणूला वाढायला एक कात्री लागते. तिचं नाव प्रोटीएज. प्रथिनाची लांब माळ कापून ती त्याला कामाचे तुकडे देते. कात्री अडवली की विषाणूची वाढ खुंटली. पण कात्रीची खाच उथळ, जवळजवळ सपाट. औषधाचा रेणू तिथं टिकेना.

मी गोदीत राबतो. शिक्षण मॅट्रिक. तरी ही भानगड मला कळते. दोरखंडाचं सुटं टोक बोलार्डवर फेका, घसरतं. टोकाला आधीच फास करून ठेवा, बसतो, अन् जहाज हलत नाय. कॅनडात क्विबेकमधल्या बोहरिंगर इंगेलहाइमच्या संशोधकांनी हेच केलं. रेणूच्या दोन बाजूच्या फांद्या खाचेत एकमेकींजवळ येतात हे त्यांनी हेरलं आणि त्या सांधून टाकल्या. वळं झालं. हातपाय झाडणारा रेणू खाचेला हवा त्या आकारात आधीच बसला. नाव बीआयएलएन २०६१. २००३ साली निकाल छापून आला : दोनच दिवसांच्या औषधानं रक्तातला विषाणू धाडकन खाली. पुढं माकडांच्या हृदयाला इजा दिसली, काम थांबलं. कल्पना मात्र मेली नाही. २०१३ ला सिमेप्रेव्हिर, २०१४ ला पॅरिटाप्रेव्हिर, २०१६ ला ग्राझोप्रेव्हिर, २०१७ ला ग्लेकाप्रेव्हिर. सगळी वळ्याचीच पोरं. ग्लेकाप्रेव्हिर आणि पिब्रेंटास्व्हिरची जोडगोळी ८ आठवड्यांत बहुतेकांना बरं करते. या अकलेला माझा सलाम. अगदी मनापासून.

आता किंमत. अमेरिकेत सिमेप्रेव्हिरच्या १२ आठवड्यांना तेव्हा ६६,३६० डॉलर पडायचे. २०१४ साली अँड्र्यू हिल आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला : मोठ्या प्रमाणावर बनवलं तर खर्च १३० ते २७० डॉलर. बाकीचे ६६ हजार कशाचे? संशोधनाचे, फसलेल्या औषधांचे, असं म्हणतात. मान्य. फसलेल्याचाही खर्च निघालाच पाहिजे. पण खर्च कुठं संपतो अन् खंडणी कुठं सुरू होते, हे दाखवायला एक तरी मालक वही उघडतो का? च्यायला, वाण्याच्या दुकानातसुद्धा उधारीची वही दोघांना दिसते!

आपल्याकडे १९७० च्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, बनवण्याच्या पद्धतीवर होतं. २००५ साली रेणूवरच मालकी आली. म्हणजे वळं रेणूत आहे, पण फास कायद्यात आहे. अन् कायदा निसर्गानं केलेला नाय.

इजिप्तनं दाखवून दिलं. २०१८-१९ मध्ये सुमारे ५ कोटी माणसं तपासली, देशातच बनलेल्या स्वस्त गोळ्या फुकट दिल्या. त्या गोळ्या वळ्याच्या नव्हत्या, दुसऱ्या जातीच्या होत्या. पण किंमत खाली आणता येते, हे सिद्ध झालं. आपल्याकडेही २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात फुकट गोळ्या आहेत. तरी जगात २०२२ साली सुमारे ५ कोटी लोक हा विषाणू घेऊन जगत होते आणि उपचार पोचले होते पाचातल्या एकाला.

दोस्तांनो, विज्ञानाला शिव्या घालू नका. विज्ञान आपलं आहे. ते शिका, रेणू समजून घ्या, पेटंटचे कागद वाचा. फुकट गोळी कुठं मिळते ते वस्तीत सांगा, रक्त तपासायला लावा. अन् पुढच्या वेळी कुणी म्हणाला अक्कल महाग असते, तर त्याच्यासमोर हात पुढं करा : वही दाखव!